वरुणाचा दरबार, मुक्काम नागपूर

वरुणदेवाची दाढी पुन्हा सुटते आहे. काथ्याचा जाड दोर उसवून, त्याचे पीळ मोकळे करून ती बनवली आहे आणि कानाला अडकवलेलं इलॅस्टिक तिच्या वजनाला पुरत नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातला हा वरुण एका हाताने दाढी धरतो, दुसऱ्या हाताने वायरिंगच्या पाइपचा त्रिशूळ सावरतो आणि अधूनमधून त्रिशूळाच्याच टोकाने हनुवटी खाजवतो.

“अबे, देव आहेस तू. असा खाजवून काय राहिला?” चीफ ओरडतात.

“सर, टोचून राहिली ना!”

“टोचू दे. आमचा वरुण भर उन्हात बसला होता डेकवर. त्याच्या दोराले तर ग्रीसचा वास मारे.”

नोव्हेंबर संपत आला आहे. पश्चिम नागपुरातल्या एका कॉलेजच्या मागच्या मैदानावर नौदल एनसीसीची पोरं-पोरी ४ डिसेंबरच्या तयारीत आहेत. १९७१ साली त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला चढवला, म्हणून तो नौदल दिन. कार्यक्रमात नेहमीचं सगळं आहे : झेंड्यांची सेमाफोर, दोरांच्या गाठी, जहाजांची मॉडेलं, प्रमुख पाहुण्यांचं भाषण. या वर्षी चीफनी एक गोष्ट जास्तीची घातली आहे. विषुववृत्त ओलांडताना जहाजावर भरतो तो वरुणाचा दरबार. पोरं सकाळी अंबाझरी तलावात व्हेलर होडी वल्हवून आली आहेत आणि तळहातावरचे फोड एकमेकांना दाखवताहेत. मला सूत्रसंचालनाचे चार कागद लिहायला बोलावलं आहे. ते बाजूला ठेवून मी पायरीवर बसून बघतो आहे.

चीफ म्हणजे चीफ पेटी ऑफिसर, निवृत्त. भंडाऱ्याकडचे. अंगावर स्वेटर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यात अजूनही बोसनची शिट्टी. वैनगंगेकाठचा हा पोरगा भरती होऊन प्रशिक्षणाला गेला तो ओडिशातल्या आयएनएस चिल्काला, म्हणजे तिथेही आधी वाट्याला आलं ते सरोवरच. पुढे विशाखापट्टणमला पोस्टिंग. सुटीवर येणं-जाणं समता एक्स्प्रेसने, गोंदियाला उतरून. विदर्भातल्या कितीतरी खलाशांचा समुद्र असा रेल्वेच्या वाटेने सुरू होतो.

मैदानाच्या मधोमध चीफनी कबड्डीच्या मैदानाला टाकतात तशी चुन्याची फक्की टाकून एक लांब रेघ मारली आहे. हे विषुववृत्त.

“नागपूर किती अंशावर?” ते विचारतात.

“एकवीस, सर.”

“एका अंशाले मैल किती? सागरी मैल.”

“साठ.”

“मग इथून रेषा किती लांब?”

“बाराशे साठ, सर.”

“अन् वरच्या नऊ मिनिटांचे नऊ मैल कोण धरणार? तेवढ्यात जहाज खडकावर जाते, माहीत आहे?”

बाराशे एकोणसत्तर सागरी मैल म्हणजे सुमारे २,३५० किलोमीटर. नागपूरहून नाकासमोर दक्षिणेला निघालं तर रामेश्वराच्या जवळून जमीन सुटते आणि मग सगळं पाणीच. शून्य मैलाचा दगड ज्या गावात आहे, त्या गावातल्या पोरांना शून्य अंशाचं हे गणित पहिल्यांदाच कोणीतरी घालतं आहे.

दरबाराची रचना चीफनी फळ्यावर लिहून दिली आहे. मधे वरुणराजा, शेजारी राणी. पाश्चात्त्य जहाजांवर नेपच्यून असतो, आपल्याकडे वरुण, कारण नौदलाचं बोधवाक्यच ‘शं नो वरुणः’ आहे. मग कारकून, तो गुन्ह्यांची यादी वाचतो. डॉक्टर कडू गोळी देतो. न्हावी लाकडी वस्तरा घेऊन उभा. आणि अस्वलं, म्हणजे दोन दांडगे गडी. न्हाव्याचं काम झालं की स्टूल मागे उलटायचं आणि आरोपीला पाण्यात बुडवायचं, हे त्यांचं काम. जहाजावर त्यासाठी ताडपत्रीचा हौद बांधतात. इथे निम्मी कापलेली काळी पाण्याची टाकी आहे. साबणाच्या जागी बेसन आणि मैदा. आदल्या संध्याकाळी समुद्रातून वरुणाचा दूत वर येतो आणि कॅप्टनला समन्स देतो, तो भाग वेळेअभावी गाळला आहे. त्यामुळे दूत झालेला मुलगा रुसून सेमाफोरच्या झेंड्यांना इस्त्री करतो आहे.

ज्याने रेषा कधी ओलांडलेली नाही तो पॉलीवॉग, म्हणजे बेडकाचं पिल्लू. ज्याची हजामत आणि बुडी झाली तो शेलबॅक, पाठीवर कवच आलेला मुरलेला गडी. मधे कुठली पायरी नाही, परीक्षा नाही आणि वशिलाही नाही. मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती एक गोष्ट चीफ सहज बोलून जातात : “आमच्या त्या फेरीले एक लेफ्टनंट कमांडर होता. हुशार माणूस, पण रेषा पाहिली नव्हती. त्याले बी बसवला स्टुलावर. साबण फासणारा कोण? जहाजाचा स्वयंपाकी. त्याच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या ना!” त्या दिवसापुरत्या खांद्यावरच्या पट्ट्या उतरतात. कोणाचा हुद्दा काय, हे विचारायचं नाही. कोण आधी जाऊन आला, एवढंच विचारायचं.

एनसीसीचे अधिकारी असलेले प्राध्यापक मात्र जरा काळजीत आहेत. त्यांच्या मागे भिंतीवर रॅगिंगविरोधी समितीचा फलक आहे, फोन नंबरांसकट. “पाहुण्यांना हे रॅगिंग वाटायला नको,” ते दबक्या आवाजात म्हणतात. त्यांची काळजी अगदीच फुकटची नाही. १७ फेब्रुवारी १८३२ ला बीगल जहाजावर चार्ल्स डार्विनची हीच हजामत झाली तेव्हा त्याचे डोळे बांधले होते, तोंडाला डांबर आणि रंग फासला होता आणि खरवडायला वस्तऱ्याच्या जागी पिंपाची लोखंडी पट्टी होती. त्यातही त्याला बाकीच्यांपेक्षा सौम्य वागणूक मिळाली, असं तो स्वतःच नोंदवतो. पुढच्या काळात अनेक जहाजांवर मस्तीची मारहाण झाली, माणसं जखमी झाली. अमेरिकी नौदलाला या प्रकाराला नियमांचा लगाम घालावा लागला. मस्करी आणि छळ यांच्यातली रेघ फक्कीच्या रेघेसारखी ठळक नसते. चीफनाही ते ठाऊक आहे. पोरांनी सुचवलेली सडकी अंडी त्यांनी सकाळीच रद्द केली आहेत. “डोळ्यात काही जाणार नाही, नाकात काही जाणार नाही, अन् जो नाही म्हणेल तो बसणार नाही,” असा त्यांचा हुकूम आहे.

मग ते पिशवीतून आपलं प्रमाणपत्र काढतात. पोरं गोळा होतात.

कागद फुलस्केपपेक्षा मोठा, कडांना पिवळा पडलेला, एका कोपऱ्यावर दमटाचा तपकिरी नकाशा. भोवती जलपऱ्या, डॉल्फिन, आठ पायांचा एक ऑक्टोपस, सगळं कोणीतरी हाताने काढून मग छापलेलं. मजकूर दरबारी थाटाचा : समस्त देवमासे, शार्क, सर्प आणि जलपऱ्यांना कळवण्यात येतं की हा इसम आता आपल्यातला आहे, जहाजावरून पडला तर त्याला खाऊ नये. अक्षांशाच्या जागी शून्य अंश शून्य मिनिटं छापलेलं, रेखांश मात्र टाइपरायटरने भरलेला आणि त्यातला एक आकडा खोडून पुन्हा मारलेला. खाली डाव्या हाताला वरुणाची सही, जांभळ्या शाईत, तरंगांसारखी. उजव्या हाताला जहाजाच्या कॅप्टनची खरी सही आणि खरा शिक्का. एकाच कागदावर देव आणि सरकार, दोघांच्या सह्या.

“घरी कुठं लावलंय, सर?”

“लावलं नाही. बायकोनं गोदरेजच्या कपाटात ठेवलंय, सातबारा अन् पेन्शनच्या कागदांसंगं.”

पेन्शनच्या कागदांत या किताबाचा उल्लेख नाही. सर्व्हिस बुकातही नाही. त्याचा पगाराशी, बढतीशी, कॅन्टीनच्या कार्डाशी काडीचा संबंध नाही. चीफच्या छातीवरची पदकं सरकारने दिली, त्यांची नोंद सरकारदरबारी मिळेल. हा किताब देणारे म्हणजे काथ्याची दाढी लावलेला एक तोफची आणि वस्तरा घेतलेला एक स्वयंपाकी. तरीही पदकांच्या पेटीपेक्षा हा कागद ते जास्त जपून धरतात, दोन्ही हातांनी, बोटं कडेला लावून.

कारकून झालेली मुलगी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, महाल भागात राहते. तिला वेगळाच प्रश्न पडला आहे. आपण नाटकातलं प्रमाणपत्र मराठीत करतो आहोत, मग शेलबॅक कशाला? सरळ ‘सरखेल’ लिहू या.

चीफ मान हलवतात. “सरखेल म्हणजे आरमाराचा मुख्य. कान्होजी आंग्र्यांचा किताब तो. तो छत्रपतींनी द्यायचा, आपण नाही.”

तिला हे पटकन पटतं, कारण ती ज्या वस्तीत वाढली तिथे भोसल्यांचा वाडा आहे आणि ‘सेनासाहेबसुभा’ ही पदवी तिथल्या पोरासोरांना पाठ असते. २०२५ साली रघुजीराजांची तलवार लंडनच्या लिलावातून राज्य सरकारने सोडवून आणली, तिच्या पात्यावर नावासोबत ही पदवीही सोन्याने लिहिलेली आहे. राजाने दिलेली पदवी अशीच असते. ती तलवारीवर कोरता येते, मुलाला देता येते, सनदेत लिहून तिच्यावर भांडताही येतं. आंग्रे घराण्यात सरखेलीवरून भाऊबंदकी झालीच. शेलबॅक कोणाच्या मुलाला मिळत नाही. मुलाने स्वतः जाऊन डोकं बुडवून घ्यावं लागतं. नागपुरात पाटीवर ‘माजी’ लावून जुनी पदं मिरवणाऱ्यांची मला आठवण येते, पण हे वाक्य सूत्रसंचालनात घालायची माझी हिंमत नाही.

इतक्यात फाटकातून एक स्कूटर येते. पुढे पाय ठेवायच्या जागेत प्लायवुडचा हातभर लांब वस्तरा आडवा धरलेला. आणणारे गृहस्थ राणी झालेल्या मुलीचे काका, व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनीअर होते, गेल्याच वर्षी घरी परतले. म्हणजे मैदानावर आता दोन चीफ झाले. पोरं त्यांना इंजिनीअर काका म्हणतात.

“तुम्ही तर रेषा ओलांडली असंल, साहेब?” चीफ विचारतात.

“रेषा? अहो, बावीस वर्षं जहाजावर काढली. ब्राझीलचं लोखंडाचं खनिज चीनला, ऑस्ट्रेलियाचा कोळसा जपानला. आम्हाला दुसरा रस्ताच नव्हता.”

“मग दरबार? कागद?”

“काही नाही.” इंजिनीअर काका हसतात. “मोठं जहाज, माणसं वीस-बावीस. सगळ्यांच्या वॉचच्या वेळा वेगळ्या, कंपनीला घाई. वर ब्रिजवर जीपीएसवर चार शून्यं आली की सेकंड मेट मोबाइलवर फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. मी तेव्हा खाली इंजिन रूममध्ये. चाळीस-पंचेचाळीस डिग्री, कानावर मफ्स. मला तो फोटो जेवताना दिसायचा.”

पोरं खो खो हसतात. चीफ हसत नाहीत. त्यांच्या कपाळावर आठी आहे, प्रकरण गुंतागुंतीचं आहे.

मग न्हावी झालेला मुलगा मोबाइलवर शोधून किताबांची यादी वाचू लागतो. जिथे विषुववृत्त १८० रेखांशाला छेदतं तिथे ओलांडलं तर गोल्डन शेलबॅक. गिनीच्या आखातात, शून्य रेखांशावर ओलांडलं तर एमराल्ड, कोणी त्याला रॉयल डायमंड म्हणतात. आर्क्टिक वृत्त ओलांडलं तर ब्लू नोज, तिथे नाकाला निळा रंग लावतात. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली तर गोल्डन ड्रॅगन.

“काका, तुम्ही गोल्डन असाल?”

“असेन बुवा. पॅसिफिकमध्ये कुठे ओलांडली, मला काय माहीत? मी खाली होतो.”

हे ‘मी खाली होतो’ आता पोरांना म्हणायला फार आवडू लागलं आहे. अस्वलांपैकी एक जण दुसऱ्याला विचारतो, मॅथ्सच्या पेपरला कुठे होतास? उत्तर येतं, खाली.

राणी झालेली मुलगी मात्र या यादीत रमत नाही. तिला केप हॉर्न हवं आहे. तिच्या फोनच्या वॉलपेपरवर लेफ्टनंट कमांडर दिलना आणि लेफ्टनंट कमांडर रूपा आहेत, लाल जॅकेटमध्ये, मागे राखाडी पाणी. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोघी ‘तारिणी’ घेऊन गोव्याहून जगप्रदक्षिणेला निघाल्या. ५६ फुटांची शिडाची नौका, माणसं दोनच. १५ फेब्रुवारी २०२५ ला त्यांनी केप हॉर्नला वळसा घातला आणि त्या दिवसापासून नौदल त्यांना केप हॉर्नर म्हणू लागलं. मेच्या अखेरीस त्या गोव्याला परतल्या. “सर, शेलबॅक मोठा की केप हॉर्नर?”

“हा काय सवाल आहे?” चीफ तिच्यासाठी फळा पुसतात आणि खडूने दक्षिण अमेरिकेचं शेपूट काढतात. “इथं ५६ अंश दक्षिण. खाली अंटार्क्टिका. मधे आठशे किलोमीटरची खिंड. वारा पश्चिमेकडून येते, त्याले अडवाले पृथ्वीवर कुठंच जमीन नाही. हजारो मैल मोकळा धावते अन् इथं येऊन कोंडते. वरून समुद्राचा तळ उथळ होते, मग लाट उभी राहते. भिंतीवाणी.” खडू तुटतो. “अन् तिथं इंजिन नाही चालत. शिडावरच गेलं पाहिजे. ५० दक्षिणेपासून वळसा घालून पुन्हा ५० दक्षिणेपर्यंत. मग तो केप हॉर्नर.”

इंजिनीअर काका हळूच म्हणतात, “हॉर्नही झालंय माझं. आमचं जहाज पनामाच्या कालव्यात मावायचं नाही. एकदा ब्राझीलहून तसं गेलो.”

“इंजिनावर?”

“इंजिनावरच. मीच चालवत होतो ना.”

“मग नाही,” चीफ निकाल देतात.

हे जरा कठोर आहे, असं मला वाटतं. पण नियम चीफनी केलेला नाही. फ्रान्समध्ये सेंट मालो बंदरात १९३७ साली शिडाच्या जहाजांवरच्या जुन्या कप्तानांनी एक संघटना काढली, त्यांच्याकडे तर प्रतवारीच होती. मालवाहू शिडाचं जहाज स्वतःच्या हुकमतीखाली हॉर्नपार नेलेला तो ‘अल्बाट्रॉस’. खलाशी म्हणून गेलेला आणि पुढे कप्तान झालेला तो ‘मालामोक’, हेही एका समुद्रपक्ष्याचंच नाव. बाकीचे केप हॉर्नर. १९१४ ला पनामा कालवा उघडला होता, शिडाची जहाजं मोडीत निघाली होती. माल घेऊन हॉर्न ओलांडणारं शेवटचं व्यापारी शिडाचं जहाज ‘पामीर’, १९४९ सालचं. त्यानंतर या संघटनेत नवा सभासद येणार कुठून? २००३ मध्ये उरलेल्या म्हाताऱ्यांनी ती रीतसर बंद केली. नियम सैल करून माणसं भरण्यापेक्षा त्यांनी दाराला कुलूप लावणं पसंत केलं. हॉर्न ओलांडलेल्याने डाव्या कानात सोन्याची बाळी घालावी आणि जेवताना एक पाय टेबलावर ठेवावा, असं जुने लोक म्हणत. बाळीचं ऐकून वरुण खूश होतो. पायाचं ऐकून प्राध्यापक नाराज होतात.

आपल्याकडे हे दार पुन्हा उघडलं ते एका मराठी माणसाच्या हट्टाने. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी, १९७१ ला आयएनएस कामोर्टाचे कप्तान, वीरचक्र, निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहणारे. भारतीयाने एकट्याने, शिडावर, तिन्ही मोठी भूशिरं वळसून जगप्रदक्षिणा करावी, हे त्यांनी मनात घेतलं. कमांडर दिलीप दोंदे तयार झाले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ‘म्हादेई’ बांधली. १९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० ला परत आले. त्यांच्यामागून अभिलाष टॉमींनी २०१२-१३ मध्ये तीच नौका कुठेही न थांबता फिरवून आणली. मग ‘तारिणी’वर २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी आल्या, आणि नंतर या दोघी. आवटी नोव्हेंबर २०१८ मध्ये गेले.

“अन् पहिला माणूस, एकट्यानं न थांबता गेलेला?” चीफ विचारतात. “रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, १९६९. त्याची बोट कुठं बांधली होती?”

कोणाला येत नाही.

“मुंबईले! ‘सुहैली’. बत्तीस फूट. अस्सल सागवान.”

“म्हणजे चंद्रपूरचं,” एक अस्वल ताबडतोब जाहीर करतं. सागवान म्हटलं की विदर्भातल्या माणसाला दुसरं गावच आठवत नाही. कोणी हरकत घेत नाही.

साडेचार होतात. रंगीत तालीम सुरू व्हायची तर आरोपीच गायब आहे. ज्या मुलाची हजामत व्हायची त्याचं प्रॅक्टिकल लांबलं आहे आणि त्याचा फोन बंद आहे. बेसन घट्ट होत चाललं आहे. न्हावी त्यात आणखी पाणी घालतो आणि इंजिनीअर काकांकडे बघतो. मग राणी बघते. मग सगळेच बघतात.

“मी? अरे, माझं वय काय!”

“काका, कागद मिळेल,” कारकून म्हणते.

“मला नको कागद.” पण ते स्वेटरची बटणं काढू लागले आहेत.

आता चीफ मधे पडतात, आणि इथे त्यांचा खरा पेच उघड होतो. “थांबा. हे असं नाही जमत. नाटकातला पोरगा असता तर गोष्ट वेगळी. हा माणूस खरंच जाऊन आलाय. याले हे पोट्टे कसे काय घेणार? यांच्यापैकी एकानं तरी रेषा पाहिली आहे का?” ते वरुणाकडे बघतात. अंबाझरीपलीकडे न गेलेला वरुण खाली बघतो. “पॉलीवॉगनं शेलबॅक करायचा, हे कुठल्या समुद्रात चालते?”

“सर, मग तुम्ही बसा ना,” राणी म्हणते.

चीफ सकाळपासून गुडघ्याचं कारण सांगून खुर्ची टाळत आले आहेत. ते फक्कीच्या रेघेपर्यंत चालत जातात. तिथे उभे राहून बुटाच्या टोकाने तिची एक पुसट झालेली बाजू नीट करतात. “अन् दुसरी गोष्ट. दरबार रेषेवरच भरते. बाराशे एकोणसत्तर मैल अलीकडे नाही.”

“ही रेषाच आहे, सर. तुम्हीच मारली.”

प्राध्यापक घड्याळ दाखवतात, सहाला मैदान रिकामं करायचं आहे. चीफ अजून विचारात आहेत. मला वाटतं, त्यांना नियम मोडायचा नाही आणि समोरच्या माणसाला रिकामं पाठवायचंही नाही. दोन्ही त्यांच्याच सवयी आहेत, जहाजावरच्या.

“तुमचा पहिला जहाज कोणता, साहेब? पहिल्यांदा रेषा कुठं लागली?”

“पहिली? सिंगापूरहून खाली जाताना, सुंदाच्या सामुद्रधुनीकडे.” इंजिनीअर काका आता हसत नाहीत. “ते आठवतं. कॅडेट होतो. बिल्जमध्ये उतरून फिल्टर साफ करत होतो. मोटरमन आला, म्हणाला, आत्ता गेली. मी म्हटलं, काय गेली?”

चीफ शिट्टी ओठांना लावतात. बोसनची शिट्टी खालच्या सुरात सुरू होते आणि ताणून वर चढते. मैदानाच्या पलीकडे क्रिकेट खेळणारी पोरंही थांबून बघतात. मग ते वरुण झालेल्या पोराला खुर्चीवरून उठवतात, त्रिशूळ घेतात, दाढी घेतात आणि इलॅस्टिकला मागून एक गाठ मारतात, जी दिवसभरात पहिल्यांदाच सुटत नाही.

“कारकून, नोंद लिही. स्थळ?”

“नागपूर, सर.”

“नागपूर नाही. शून्य अंश, शून्य मिनिटं. पुढं?”

इंजिनीअर काका स्टुलावर बसले आहेत. गळ्यात पांढरा टॉवेल, चष्मा राणीच्या हातात. अस्वलं मागे. डॉक्टर त्यांच्या तोंडात काहीतरी घालतो, ते तोंड वाकडं करून गिळतात. मेथीदाणा असावा. कारकून कागद वर धरून खणखणीत आवाजात वाचते : आरोपी बावीस वर्षं वरुणराजाच्या राज्यातून विनापरवाना ये-जा करत होता, दर खेपेला राजाला सलाम न करता नाकाखालून निघून जात होता, आणि विचारल्यावर एकच उत्तर देत होता. बचावात काही म्हणायचं आहे?

“मी खाली होतो,” इंजिनीअर काका म्हणतात. हशा इतका होतो की प्राध्यापकही सामील होतात.

“गुन्हा कबूल,” वरुण दाढीतून गरजतात. “किताब द्यावा. पण दंड लागेल. जुन्या काळी प्रवासी लोक रम देऊन सुटत. इथं रम नाही चालत, कॉलेज आहे. सगळ्या कॅडेटांले सावजी.”

“सगळ्यांना? तीस पोरं आहेत!”

“एकतीस. दूत राहिला.” झेंड्यांना इस्त्री करणारा दूत मान वर करतो.

“पोह्यांवर मिटवा. तर्री पोहे, हवे तेवढे.”

“मटण,” एक अस्वल म्हणतं.

“मी शाकाहारी आहे,” दुसरं म्हणतं.

“दोन्ही,” वरुण निकाल देतात आणि त्रिशूळ जमिनीवर आपटतात. न्हावी ब्रश उचलतो, भिंतीला चुना मारायचा ब्रश आहे तो. बेसनाचा पहिला हात कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरतो. इंजिनीअर काका डोळे मिटून अजून पोह्यांची घासाघीस करत आहेत, आणि टाकी सकाळीच भरून दिवसभर सावलीत ठेवली आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.